धनेशिणीचं डोहाळजेवण

आमच्या दाजींना पक्ष्यांचा नाद डॉक्टरांमुळं लागला. छातीत कळ आली, स्टेंट बसले आणि डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं. पहिल्याच दिवशी दाजी रंकाळा तलावावर गेले. तिथं एकजण हातभर लांब कॅमेरा लावून पाणकोंबडीचा फोटो काढत होता आणि चार माणसं त्याच्याभोवती अदबीनं उभी होती. दाजींनी पाणकोंबडीकडं बघितलंच नाही, त्यांनी ती चार माणसं बघितली. आठवड्याच्या आत तसलाच, पण त्याहून लांब कॅमेरा घरात आला आणि चालणं बंद झालं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे नवरे, विजयसिंह. राजारामपुरीत त्यांचं प्लायवुडचं दुकान आहे. आठवडाभर झाडं चिरून केलेल्या फळ्या विकायच्या आणि रविवारी उरलेल्या झाडांवर प्रेम करायला डोंगरात जायचं, यात त्यांना काही विचित्र वाटत नाही. तरुणपणी ते तालमीत होते. थंडाई जमली, जोर-बैठका जमल्या नाहीत. मग फुटबॉल. खेळायला नव्हे, मैदानाच्या कडेला उभं राहून पंचाला शिव्या द्यायला. मग एक म्हैस पाळली, ती दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून गल्लीतून मिरवायला. तिचं शेण काढायची पाळी आली तेव्हा आक्कानं म्हैस विकून टाकली. या सगळ्या नादांत दाजींना हवं होतं ते एकच. कुणीतरी बघावं.

मी नेसरीचा, नाव कृष्णात. आमच्या लहानपणी साप, विंचू, बेडूक, घुबड हे बघायला कुणी जात नव्हतं, ते आपणहून घरात येत आणि आई त्यांना केरसुणीनं बाहेर काढी. त्यामुळं पहाटे उठून, टोपी घालून, पाण्याची बाटली कमरेला लावून पाखरू बघायला जायचं ही कल्पनाच मला पोट भरलेल्यांची वाटते. पण स्टेंट बसल्यापासून आक्का दाजींना घाटात गाडी चालवू देत नाही. बहिणीचा शब्द मोडता येत नाही. म्हणून दर रविवारी स्टिअरिंगवर मी.

कोल्हापुरात दोन माणसं एकत्र आली की मंडळ होतं. पक्षी बघायलासुद्धा मंडळ झालं. वसंतवैभव निसर्ग मंडळ. अध्यक्ष विजयसिंह, कार्याध्यक्ष गणपतराव, त्याखाली उपाध्यक्ष, सहउपाध्यक्ष, सल्लागार आणि मार्गदर्शक. नुसता सभासद म्हणून मंडळात एकही माणूस नव्हता. गणपतराव निवृत्त झालेले इंजिनिअर. सगळा जन्म रस्ते रुंद करण्यात गेला आणि आता कुठं झाड तोडलेलं दिसलं की त्यांना गहिवरून येतं. त्यांचा कॅमेरा दाजींच्या कॅमेऱ्यापेक्षा चार बोटं लांब होता आणि ते दाजींना फार लागत असे.

फाल्गुन लागला की या लोकांच्या अंगात येई. पळस फुलला, चला. पांगारा फुलला, चला. काटेसावरीवर मैना, साळुंक्या, शिंजीर मध पिऊन धुंद झालेत, चला. झाड खरंच सुंदर दिसायचं, मी नाही म्हणत नाही. पानं एक नाही आणि अंगभर लाल फुलं, त्यावर पाखरांची ही भांडणं. पण मंडळ झाडाखाली पोचेपर्यंत ती उडालेली असायची, कारण मंडळ बोलत यायचं. मग पाखरू नसलेल्या झाडाखाली फोटो, पाखरू नसलेल्या फांदीकडं बोट दाखवतानाचा फोटो, आणि मग डबे उघडायचे. एकदा एका सल्लागारांनी शेकरूला शेव-चिवडा टाकला. शेकरूनं त्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. त्या जनावराविषयी मला तेव्हापासून आदर आहे.

तर अशा या दाजींच्या हातून आयुष्यात एक खरी गोष्ट घडली. त्यांना धनेशाचं घरटं सापडलं.

त्या दिवशी मंडळ नव्हतं, आम्ही दोघंच होतो. पश्चिमेच्या डोंगरात एका वाडीजवळ गाडी गरम झाली म्हणून थांबलो. दाजी लघवीला म्हणून ओढ्याकडं गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी घाबरून शोधायला गेलो, तर हे करवंदीच्या जाळीमागं पोटावर पालथे पडलेले. मला वाटलं, संपलं. जवळ गेलो तर हातानं खूण केली, वाक. समोर शेताच्या बांधावर जुना बेहडा होता. तेवढ्यात वरून कुणी जोरानं सुपानं पाखडावं तसा आवाज झाला आणि एक भलामोठा काळा-पांढरा पक्षी, डोक्यावर पिवळं शिंग ठेवल्यासारखी चोच, बेहड्यावर उतरला. खोडाला एक उभी फट होती. त्यानं घशातनं एक उंबर वर काढलं आणि फटीत धरलं. आतून दुसरी चोच आली आणि उंबर घेऊन गेली. मग दुसरं. मग तिसरं.

"बायकू हाय आत," दाजी कुजबुजले. "आंडी घालताना ती सोताला कोंडून घेती. भोक लिपून टाकती, पंखाची पिसं बी गाळती. आता पिल्लू उडायजोगं हुईपतूर ह्योच आणनार आन ती खानार. ह्यो आला न्हाय तर दोघं बी मेली."

हे त्यांना कुठून ठाऊक, तर फोनवरच्या व्हिडिओतून. पण गळ्यातला कॅमेरा उचलायचं त्यांना सुचलं नव्हतं. गाडीत बसल्यावर मात्र सुचलं. परत जाऊन त्यांनी फोटो काढले आणि शहरात शिरायच्या आधी मंडळाच्या ग्रुपवर टाकले.

झालं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या माळ्यावर सभा. माणसं चहा पीत होती आणि दाजी फळ्यांच्या चवडीवर बसून उंबराची गोष्ट चौथ्यांदा सांगत होते. गणपतरावांचा चेहरा उतरला होता. धनेश त्यांना सापडायला हवा होता, कॅमेरा त्यांचा मोठा होता. पण निवृत्त अधिकारी असा हार मानत नाही. ते म्हणाले, "बाई दिवसात हाय म्हणायची. मग मंडळानं डोहाळजेवण घातलं पायजे."

मी हसलो. मला वाटलं, चेष्टा आहे. एवढ्या मोठ्या माळ्यावर हसणारा मी एकटाच होतो.

चहा घेऊन आलेल्या आक्काला ही कल्पना मनापासून पटली. बिचारी आत कोंडून बसलीय, माहेरचं कुणी नाही, आपण नाही तर कोण करणार? मी म्हणालो, अगं, तिनं अंडी घातलीत, आता डोहाळे कसले? तर गणपतराव म्हणाले, "आत काय चाललंय ते तू बघून आलायस व्हय?" दाजींनी एकदा म्हणून बघितलं, "लांबनं बगायचं असतंय की वो, जवळ गर्दी केली तर नर बिचकतोय म्हन." मग गणपतराव म्हणाले, "ओटी अध्यक्षांच्या सौभाग्यवतींच्या हस्ते आणि फ्लेक्सवर अध्यक्षांचा फोटो मधी, मोठा." दाजींनी छताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तसं बगाय गेलं तर आपला हेतू चांगलाच हाय."

रंगपंचमी झाल्यावरच्या रविवारी पाच गाड्या निघाल्या. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, फुलांचे दागिने, पाच फळं, आणि पुरुषमंडळींसाठी मटण. डोहाळजेवणाला मटण कुठल्या शास्त्रात आहे ते मला माहीत नाही, पण कोल्हापूरचा माणूस गावाबाहेर झाडाखाली गेला की चूल पेटलीच पाहिजे. शेत बायडाबाई नावाच्या म्हातारीचं होतं. गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून ती हा सगळा सरंजाम उतरताना बघत होती.

"काय वो पावणं, कुनाचं लगीन हाय?"

"डोहाळजेवण हाय आज्जी," आक्का म्हणाली.

"कुनाचं?"

आक्कानं वर बोट केलं. बायडाबाईनं वर बघितलं, खाली बघितलं. "खुळी हायसा काय गं समदी?" एवढं म्हणून ती चुलीला दगड द्यायला लागली, कारण पाहुण्याला दगड नाकारण्याची रीत तिच्यात नव्हती.

बेहड्याच्या बुंध्याला हिरवी साडी गुंडाळली. त्यावर फुलांच्या वाड्या. दोन फांद्यांना दोरी लावून, बरोबर त्या फटीच्या खाली, फ्लेक्स ताणला. "सौ. धनेशताई यांना डोहाळजेवणानिमित्त हार्दिक शुभेच्छा." खाली अध्यक्ष गॉगल लावून, बाजूला कार्याध्यक्ष, आणि तळाला शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग. ज्या पक्षिणीसाठी हे सगळं चाललं होतं तिचा फोटो कोपऱ्यात, सहउपाध्यक्षांच्या कानामागं. बायकांनी गाणी म्हटली. कुणीतरी हलगी आणली होती, ती वाजली. चुलीचा धूर सरळ वर, फटीकडं.

दुपारी नर आला. पंखांचा तो आवाज मीच आधी ऐकला. घसा फुगलेला होता, म्हणजे उंबरं भरून आणली होती. बेहड्यावर एक घिरटी घातली. तेवढ्यात वाऱ्यानं फ्लेक्स फडाडला आणि सगळं मंडळ एका आवाजात ओरडलं, "आला, आला!" शिट्ट्या झाल्या. नर ओढ्यापलीकडच्या झाडावर जाऊन बसला. थोडा वेळ मान वाकडी करून आमच्याकडं बघितलं आणि डोंगराआड निघून गेला.

"लाजला," सल्लागार म्हणाले, आणि माणसं हसून पानावर बसली. रस्सा चांगला झाला होता. दाजी मात्र जेवले नाहीत. हातात वाटी घेऊन ते ओढ्याकडं तोंड करून उभे राहिले. नर संध्याकाळपर्यंत आला नाही. मंडळ परत निघालं तेव्हा साडी सोडून घेतली, कारण ती आक्काची होती. फ्लेक्स, द्रोण, पत्रावळ्या, राख आणि हाडं निसर्गाला अर्पण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी माझ्या दारात उभे. दाढी नाही, कॅमेरा नाही. "गाडी काढ," एवढंच म्हणाले.

वाडीत पोचलो. फ्लेक्सची एक दोरी सुटली होती आणि तो फाटका कपडा खोडावर आपटत होता. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं होतं. ते उघडायचं, मिटायचं. आत ती ओरडत होती, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो, म्हणून त्याचं वर्णन करत नाही. दाजींनी बायडाबाईची शिडी आणली आणि स्वतः वर चढायला लागले. मी म्हणालो, मी चढतो, तुम्हाला स्टेंट आहेत. त्यांनी ऐकलं नाही. शिडी मी धरली होती. स्वतःच्याच गॉगल लावलेल्या तोंडाला मिठी मारून ते फ्लेक्स घेऊन खाली आले. मग खाली बसून राख गोळा केली, पत्रावळ्या गोळा केल्या, हाडं वेचली. बायडाबाई बघत होती.

"झालं का डोहाळं पुरं?" तिनं विचारलं. दाजी शिडी उचलून गोठ्याकडं निघाले.

आम्ही तिच्या गोठ्यात, म्हशींच्या मागं, फटीवर डोळा ठेवून बसलो. दुपार झाली. नर आला नाही. दाजी एकदम रडायला लागले. मोठा माणूस, जाड माणूस, शेणावर बसून रडत होता. "उपाशी मरतीय की रं ती. माज्या फोटूपायी." मला त्यांची कीव आली नाही, राग आला. म्हणावंसं वाटलं, हे काल का नाही कळलं? म्हणालोही. ते म्हणाले, "कळालतं रं, कळालतं."

पुढचे काही दिवस दुकान नोकरांवर टाकून आम्ही त्या गोठ्यात जात होतो. मी शिव्या देत होतो, पण जात होतो. फटीतली चोच आता कमी बाहेर येत होती. एका सकाळी सुपानं पाखडल्याचा तो आवाज झाला. नर आला, लांब बसला, जवळ बसला, परत लांब बसला. दाजींनी माझं मनगट एवढं आवळलं की वळ उठले. शेवटी तो खोडाला चिकटला आणि पहिलं उंबर आत गेलं. मला आनंद झाला. माझ्यासारख्या माणसाला एका पाखराच्या जेवणानं एवढा आनंद व्हावा, याची मला लाज वाटली, पण झाला.

परत येताना मी म्हणालो, "चला, आता ग्रुपवर टाका. मंडळी काळजीत असतील." मंडळी कसल्या काळजीत? ग्रुपवर बारशाची तयारी सुरू होती. पिल्लू बाहेर पडायच्या मुहूर्तावर झाडाला पाळणा बांधायचा, मांडव घालायचा, आणि गणपतरावांचा भाचा ड्रोन आणणार होता, थेट फटीसमोर. नाव काय ठेवायचं यावर दोन तट पडले होते. दाजींनी ते सगळं वाचलं आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

त्या संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर एकच ओळ टाकली. नर परत आला नाही, मादी गेली, चूक माझी.

मग काय विचारता! ज्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या त्यांच्या लेखण्यांना धार आली. मुक्या जिवाचा बळी, प्रसिद्धीची हाव, कुठं फेडाल हे पाप. दुसऱ्या दिवशी चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स. गणपतरावांनी स्थानिक वार्ताहराला सांगितलं की आपण पहिल्यापासून विरोधात होतो. दुकानात येणारी माणसं फळीचा भाव विचारता विचारता म्हणायची, "काय शेट, पाखरू मारलासा म्हन?" आणि दाजी मानेनंच हो म्हणायचे.

घरी त्याहून वाईट. आक्कानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. बाळंतिणीचा जीव घेतला म्हणाली, ज्या हातानं मी ओटी भरली त्या हातानं आता तुम्हाला वाढायचं कसं? ताट समोर आदळून ती माजघरात जाऊन बसायची. मी दाजींना म्हणालो, निदान तिला तरी खरं सांगा.

"तुजी भन हाय ती," दाजी म्हणाले. "पोटात एक गोष्ट ऱ्हाती का तिच्या? सकाळी सांगितलं की दुपारी पाच गाड्या."

ते खरं होतं. आक्कानं आजवर एक गुपित पोटात ठेवल्याचं मला आठवत नाही. म्हणून ते मुकाट जेवायचे, आणि गुरुवारी दुकान बंद असलं की मला घेऊन त्या गोठ्यात जायचे. कॅमेरा कधीच नेला नाही. झाड कुठलं, वाडी कुठली, ते मी इथं लिहिणार नाही. जागा ठाऊक असलेलं मंडळातलं कुणी हे वाचेल अशी भीती मला नाही, शुभेच्छुकांच्या नावांपलीकडं ते काही वाचत नाहीत. पण बाकी कुणाचा भरवसा धरावा?

चैत्र संपत आला तेव्हा मंडळाची खास सभा लागली. सभेला दुसरी जागा कुणाकडं नव्हती, म्हणून ती दाजींच्याच दुकानाच्या माळ्यावर, दाजींच्याच फळ्यांवर बसून, दाजींचाच चहा पिऊन. त्या सकाळीच आम्ही वाडीवरून आलो होतो. फटीत आता दोन आवाज होते, एक तिचा आणि एक बारीक, चिरका. पिल्लाला उडायला अजून अवकाश होता. परत येईपर्यंत दाजी गाडीत एकटेच हसत होते.

गणपतराव उभे राहिले. घसा खाकरून त्यांनी ठराव वाचला. निसर्गाच्या या अपरिमित हानीस जबाबदार असलेल्या अध्यक्षांना पदावरून व मंडळातून मुक्त करण्यात यावे. आवाजात गहिवर होता. रस्त्यासाठी वडाची झाडं पाडताना तो कुठं ठेवला होता, देव जाणे. माणसं माना डोलावत होती. डोहाळजेवणाच्या रश्श्याच्या तीन-तीन वाट्या ओरपलेले सल्लागार डोळे पुसत होते. माझ्या टाळक्यात तिडीक गेली.

"थांबा," मी उभा राहिलो. "मला बोलायचंय."

"किस्ना, बस खाली," दाजी म्हणाले.

"दाजी, ह्यास्नी कळू दे तरी की—"

"बस म्हनतोय न्हवं?"

आजवर ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. मी बसलो.

"ज्यांचा पाठिंबा हाय त्यांनी हात वर करा," गणपतराव म्हणाले. कुणाचा हात वर जाईना. ज्याच्या माळ्यावर बसलोय, ज्याचा कप हातात आहे, त्याच्याविरुद्ध पहिला हात कुणी करायचा? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आता हे असंच लांबणार, मग चर्चा होणार, मग कुणीतरी म्हणणार की एकदा सगळे मिळून त्या जागेवर जाऊन येऊ, श्रद्धांजली वाहू. ते माझ्या लक्षात यायच्या आधी दाजींच्या लक्षात आलं असावं.

त्यांनी कप खाली ठेवला आणि सगळ्यात आधी स्वतःचा हात वर केला. मग गणपतरावांचा गेला, मग सल्लागारांचा, मग भराभर सगळ्यांचे. दाजी माझ्याकडं बघत होते. मीही केला.

गणपतरावांनी हात मोजायची तसदी घेतली नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला.